माथेरानच्या घोडेवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

दस्तुरी नाक्यावरच्या तुमच्या मंडळींपैकी कुणी हे वाचलं, तर तुमच्यापर्यंत नक्की पोचवतील.

माझ्या लेकीला कमी ऐकू येतं. कानाला मशीन आहे, पण गर्दीत, वाऱ्यात ते पुरत नाही. ती ओठ बघून समजून घेते. शहरातल्या एका घोडेस्वारीच्या वर्गाला हे आम्ही आधीच सांगितलं होतं. फी घेताना कुणाची हरकत नव्हती. मग म्हणे, ‘सूचना कळली नाही तर जबाबदारी कुणाची?’ आणि पोरीला कुंपणाबाहेर बसवलं. तो राग अजून माझ्या मनातून जात नाही.

तुम्हाला मी एकदाच सांगितलं. तांबड्या मातीचा धुरळा उडत होता, तुमच्या नाकातोंडावर रुमाल होता. तो तुम्ही लगेच गळ्यात ओढलात आणि तिच्यासमोर उकिडवे बसलात. नंतर धूळ खात, खोकत राहिलात, पण तिच्याशी बोलताना रुमाल एकदाही वर घेतला नाहीत. काका, हे मला कुणाकडूनही मागता आलं नसतं. तुम्ही न मागता केलंत.

आणि शिकवलंत किती! घोड्याला अगदी नाकासमोरचं आणि शेपटीमागचं दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूनं जायचं. कान पुढे म्हणजे लक्ष आहे, मागे चिकटले म्हणजे लांब राहायचं. नुसतं बघून ज्याचं मन कळतं असं जनावर! लेक हरखूनच गेली. मग तिनं खरारा केला, तुम्ही खूर धरून दाखवलात, तिनं सपाट तळहातावर गाजर दिलं. शेवटी घोडीच्या पुढच्या डाव्या पायामागे तिचा हात टेकवून ठोके मोजायला लावलेत. निवांत घोड्याचे मिनिटाला साधारण ३० ते ४० ठोके, आपल्यापेक्षा किती संथ! हे तिला ऐकावं लागलं नाही, हाताला कळलं.

गिऱ्हाइकं हाका मारत होती, ऐन सीझन होता, तरी तुम्ही घाई केली नाहीत. मोठमोठ्या पाट्या लावणाऱ्यांकडे नसलेली माणुसकी तुमच्याकडे आहे, आणि ती किती सहज!

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही येतोय. लेकीला नालबंदाचं काम बघायचंय. प्रश्न तिनं वहीत लिहून ठेवलेत. पहिला आहे, घोडी उभ्याउभ्या झोपते ती पडत कशी नाही?

तुमची ऋणी,
एक आई