नाताळगीते आणि आपल्या वादकांचा डावा हात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की बेळगावच्या कॅम्पपासून खानापूर-निपाणीपर्यंत शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि चर्चच्या आवारांत नाताळगीते सुरू होतात. मराठी, कोंकणी, कन्नड, इंग्रजी अशा चारही भाषांत ती गाइली जातात आणि बहुतेक ठिकाणी साथीला कीबोर्ड असतो. तो वाजवणारी मुले बहुधा हार्मोनियमवर तयार झालेली असल्यामुळे त्यांचा उजवा हात सुरेल आणि चपळ असतो. डाव्या हाताने मात्र एखादी कळ दाबून यंत्रातली तयार साथ सुरू करायची आणि गाणे संपेपर्यंत तिच्यामागून जायचे, एवढेच त्यांना शिकवलेले असते. या मुलांना जॅझ पियानोच्या पद्धतीने ओळखीच्या गाण्यांखालची स्वरसंगती स्वतः बदलायला शिकवावे आणि त्याचा आरंभ नाताळगीतांपासून करावा, असे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या पद्धतीत चालीतला एकही स्वर हलवायचा नसतो, तिच्याखालचे कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजवलेले तीन-चार स्वरांचे गट, तेवढे बदलायचे असतात. त्यासाठी चाल श्रोत्यांना पाठ असलेली हवी, म्हणजे खालचा आधार सरकला तरी त्यांचा कान चालीला धरून राहतो. अगदी नवशिक्यासाठी ‘जिंगल बेल्स’चे ध्रुवपद घ्यावे. त्यात ‘ग ग ग, ग ग ग’ असा एकच स्वर सहा वेळा येतो. पांढरी एक (इंग्रजीत सी) हा सा धरला, तर हा ग कॉर्डच्या मूळ स्वरापासून मोजता सी मेजरचा तिसरा स्वर आहे, ए मायनरचा पाचवा, एफ मेजर सेव्हनचा सातवा आणि डी मायनरवर ठेवला तर नववा. चारही कॉर्ड त्याच्याखाली आळीपाळीने वाजवून पाहिले की, एकच स्वर शेजार बदलल्यावर किती निराळा ऐकू येतो, हे विद्यार्थ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

‘सायलेंट नाइट’मध्ये याहून अधिक वाव आहे. फ्रान्झ ग्रूबर यांनी चाल दिलेले हे गीत १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे गिटारच्या साथीवर प्रथम गाइले गेले, आणि तीन साध्या कॉर्डांवर ते आजही निभावते. पांढरी एकचा सा धरून तीन मात्रांचा एक बार मोजला, तर पहिल्या चार बारांत ‘प ध प ग’ ही ओळ दोनदा येते आणि रूढ साथीत हे चारही बार एकाच सा-ग-प या कॉर्डवर काढले जातात. त्याऐवजी खालचा स्वर दर बारला सा, ध, म, ग असा उतरवत न्यावा, म्हणजे सी मेजर, ए मायनर सेव्हन, एफ मेजर सेव्हन आणि ई मायनर सेव्हन वाजवावेत. मग पहिल्या बारात निश्चिंत वाटलेला पंचम तिसऱ्या बारात खालच्या मध्यमाचा नववा स्वर होतो आणि त्याला ओढ लागल्यासारखी वाटते.

त्यापुढचे दोन बार मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. पाचव्या बारात चाल रे वर असते, सहाव्यात नि वर, आणि रूढ साथ दोन्हीकडे जी सेव्हन वाजवते, म्हणजे प, नि, रे, म. जॅझवादक त्याच्या जागी पुष्कळदा डी फ्लॅट सेव्हन ठेवतात: कोमल रे, म, कोमल ध, नि. म आणि नि दोन्ही कॉर्डांत सामाईक आहेत, आणि षड्जाकडे परतण्याचा ताण याच दोन स्वरांत असल्यामुळे ही अदलाबदल खपून जाते. पाचव्या बारात मात्र ती करू नये, कारण चालीतल्या शुद्ध रे खाली कोमल रे आला की दोघांचे भांडण ऐकू येते. तिथे डी मायनर सेव्हन वाजवावा. सहाव्या बारात चाल स्वतःच नि वर उभी असल्याने डी फ्लॅट सेव्हन निर्धास्त वाजवावा, आणि मग खालचा स्वर रे, कोमल रे, सा असा अर्ध्या-अर्ध्या स्वराने उतरून षड्जावर टेकतो. हे सारे वाजवताना डाव्या हाताने कॉर्डचे सगळे स्वर खालच्या सप्तकात दाबू नयेत, आवाज गढूळ होतो. मूळ स्वर आणि सातवा, किंवा मूळ स्वर आणि तिसरा, एवढे पुरे.

१९६५ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’ या कार्टूनपटासाठी जॅझ पियानोवादक विन्स ग्वाराल्डी यांनी केलेले वादन विद्यार्थ्यांना अवश्य ऐकवावे. ‘ओ टॅननबॉम’ हे जुने जर्मन गीत ते आधी एकट्या पियानोवर, ठेक्याविना वाजवतात आणि मग बास व ड्रम्ससह स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या झुलत्या ठेक्यात, शिरतात. इतके करूनही चाल लहान मुलालाही ओळखता येते.

भक्तिगीताशी असा खेळ करू नये, असे काही ज्येष्ठ वाचकांना वाटेल. उपासनेत सगळे गात असताना वादकाने कॉर्ड बदलले तर गाणाऱ्यांचा आधार जातो, हे मलाही मान्य आहे. तिथे रूढ साथच हवी. बदल करायचे ते गाण्याच्या आधी, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत किंवा केवळ वाद्यवादनाच्या वेळी. (‘जिंगल बेल्स’पुरता तर हा आक्षेप लागूही होत नाही. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या गीताच्या शब्दांत नाताळाचा उल्लेखच नाही.)

हीच विद्या दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमांत वापरायची झाली तर अधिक सावधपणा लागेल. भूप रागातल्या भूपाळीखाली जी सेव्हन वाजवला की म आणि नि हे दोन्ही वर्ज्य स्वर आत शिरतात, आणि ज्या जिल्ह्यातल्या सुळेभावीत कुमार गंधर्व जन्मले तिथला श्रोता ते मुकाट्याने ऐकून घेईल असे वाटत नाही. पण भूपाचेच पाच स्वर ग, ध, रे, प, सा अशा क्रमाने एकावर एक रचले तर प्रत्येक जोडीत षड्ज-मध्यम भाव, म्हणजे सा ते म एवढे अंतर, येतो. अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या चौकडीतले पियानोवादक मॅकॉय टायनर अशाच चौथ्या-चौथ्या स्वरांच्या रचनांसाठी ओळखले जातात. रागाबाहेरचा एकही स्वर न घेता जॅझचा रंग यावा, ही सोय भूपाने आपल्याला आयतीच दिली आहे.

यासाठी पियानोच हवा असे नाही. एकसष्ट कळांचा साधा कीबोर्ड आणि स्वर लांबवणारे पेडल पुरते. म्हणून आपल्या भागातील वादनस्पर्धांच्या संयोजकांना विनंती आहे की, येत्या नाताळात यंत्रातली साथ बंद ठेवून वाजवणाऱ्यांचा एक स्वतंत्र गट ठेवावा, गीत सर्वांना एकच द्यावे आणि परीक्षकांनी चाल शाबूत आहे का व डावा हात वादकाचा स्वतःचा आहे का, एवढ्या दोनच गोष्टींना गुण द्यावेत.

आपला,
एक पियानो शिक्षक,
कॅम्प, बेळगाव