सांभाळाची अट बक्षीसपत्रातच लिहिलेली असावी

महोदय,

आर्थिक वर्ष संपत आले की नागपुरात ज्येष्ठांच्या गप्पांत बक्षीसपत्राचा विषय हमखास निघतो. निवासी मिळकत किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात अथवा दिवंगत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, आणि या २०० रुपयांच्या ओढीनेच पुष्कळांची घाई होते. मुलगा हयात असताना सून मात्र या यादीत बसत नाही. भूखंड नझूलचा, म्हणजे सरकारी मालकीचा, किंवा नागपूर सुधार प्रन्यासाच्या भाडेपट्ट्याचा असेल, तर त्या पट्ट्याच्या अटी आधी वाचलेल्या बऱ्या.

कराची भीती बहुतेकदा अनाठायी असते. देणाऱ्यावरील बक्षीस कर १९९८ मध्येच संपला आणि आईवडील, आजी-आजोबा यांच्याकडून मिळालेल्या भेटीवर, रक्कम कितीही असली तरी, घेणाऱ्यालाही प्राप्तिकर लागत नाही. गफलत होते ती पुढच्या उत्पन्नात. सासऱ्यांनी सुनेला दिलेल्या रकमेची ठेव केली, तर तिचे व्याज सासऱ्यांच्याच उत्पन्नात धरले जाते. अल्पवयीन नातवाच्या ठेवीचे व्याज त्याच्या आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न अधिक त्याच्याकडे जाते, आणि त्यावर मिळणारी वर्षाला १५०० रुपयांची सूटही केवळ जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच आहे. थोडक्यात, भेट आजोबांची आणि कर बापाचा! सज्ञान मुलाला किंवा नातवंडाला दिलेल्या रकमेचे उत्पन्न मात्र त्याचे स्वतःचेच मानले जाते, म्हणून कर वाचवायचाच असेल तर नातवंड अठरा वर्षांचे होईपर्यंत थांबणे शहाणपणाचे. रक्कम बँकेतूनच द्यावी, कारण दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास असलेली मनाई घरातल्या भेटीलाही लागू आहे.

परंतु ज्याने उतारवयातले स्वास्थ्य जाऊ शकते, तो प्रश्न कराचा नाहीच. नोंदवलेले बक्षीसपत्र मनात आले म्हणून रद्द करता येत नाही. मृत्युपत्र मात्र हयातीत केव्हाही बदलता येते. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत घेणाऱ्याने ती अट मोडल्यास न्यायाधिकरण तो व्यवहार रद्दबातल ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अशी अट असणे आवश्यक असल्याचे सांगितले; जानेवारी २०२५ च्या निकालात कायद्याचा उदार अर्थ लावून एका आईला मिळकत परत मिळवून दिली. तरीही न्यायालयाच्या औदार्यावर विसंबून सही करणे योग्य नव्हे. दस्तलेखकांच्या ठरीव मसुद्यात ‘प्रेमापोटी व आपुलकीपोटी’ हे शब्द न चुकता असतात, सांभाळाचे वाक्य मात्र मागितल्याशिवाय येत नाही. आणि पोटच्या मुलासमोर ते मागायला संकोच वाटतो.

हा संकोच शासनाने दूर करावा. देणारी व्यक्ती साठ वर्षांवरील असेल, तर ‘सांभाळाची अट घालायची आहे काय?’ असा प्रश्न दुय्यम निबंधकांनी तिला एकटीला विचारावा आणि तिचे उत्तर दस्तात नमूद करावे. नोंदणी व मुद्रांक विभागाला त्यासाठी एका परिपत्रकाहून अधिक काही लागू नये. तोवर निदान राहत्या घरात आपला तहहयात राहण्याचा हक्क तरी ज्येष्ठांनी दस्तात स्पष्ट लिहून घ्यावा.

— एक ज्येष्ठ नागरिक, प्रतापनगर, नागपूर