पुस्तकाबरोबर निघताना

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

माझ्या नव्या पुस्तकानिमित्तच्या व्याख्यानांच्या दौऱ्याला मी होकार कळवला आहे, तिकिटंही काढली आहेत. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि मी लगेच ‘बरं, नाही जात’ म्हणाले असते. म्हणून लिहिते आहे.

बाबा, ‘पुस्तक चांगलं असेल तर लोक वाचतील’ हे पटतं. पण ते आलंय हे आधी कळायला तर हवं! नवं पुस्तक दुकानात दर्शनी भागात फार दिवस राहत नाही. मागून दुसरी येतात, मग ते कपाटात जातं, उरलेल्या प्रती प्रकाशकाकडे परत. व्याख्यानानंतर मात्र लोक टेबलापाशी थांबतात, पानं चाळतात, स्वतःच्या घरातलं काहीबाही सांगतात आणि जाताना प्रत नेतात. हे सगळं पुस्तक नवं आहे तोवरच. वर्षभरानं मला कोण बोलावणार?

त्या इंग्रज कादंबरीकाराचं, डिकन्सचं, तुम्ही म्हणालात ते लक्षात आहे. १८६७-६८मध्ये त्यानं अमेरिकेत स्वतःच्या पुस्तकांची ७६ जाहीर वाचनं केली आणि १८६९मध्ये तब्येत ढासळल्यामुळे डॉक्टरांनी त्याचा पुढचा दौरा अर्ध्यावर थांबवला. म्हणूनच मी दोन कार्यक्रमांमध्ये मोकळा दिवस मागून घेतलाय. रात्रीचा प्रवास नाही. माईकशिवाय बोलायचं नाही, हेही कळवलंय. आई, तुझी शाल बॅगेत सगळ्यात वर आहे.

पुस्तकातलं काकांवरचं प्रकरण कुठेही वाचून दाखवणार नाही. कोणी विचारलंच, तर पुस्तकात आहे तेवढंच, असं म्हणेन. बाबा, तुम्ही निश्चिंत राहा.

बोलायला उभी राहिले की अजूनही पहिल्या रांगेत तुम्हा दोघांना शोधते. शाळेत तुम्ही माझ्याबरोबर ओठ हलवायचात ना, तशी. मग तिथल्या एखाद्या पिकल्या केसांच्या आजींकडे बघून सुरुवात करते.

आता ऐका. बाबा, बीपीची गोळी चुकवायची नाही आणि स्टुलावर चढायचं नाही, बल्ब गेला तरी. आई, गुडघा दुखला तर त्याच दिवशी सांग, ‘पोरीला कशाला त्रास’ असलं काही नको. फोन रोज रात्री करेन. कार्यक्रम लांबणार असेल तर आधी निरोप पाठवेन, जागत बसू नका. आणि घरातल्या प्रती येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटून टाकू नका. विकत घ्या म्हणावं!

तुमची,
छकुली