भोकाला लाल गोल करायच्या आधी काच दोन्हीकडून बघा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पहिल्या पानावर एका दुकानाच्या काचेचा फोटो आला होता. काचेला भोक, भोकाभोवती लाल गोल आणि खाली ओळ, की हल्लेखोरांनी रस्त्यावरून झाडलेली गोळी काच फोडून आत घुसली. फोटो रस्त्यावरून काढलाय हे नक्की, कारण काचेत समोरची रिक्षा आणि तुमच्या फोटोग्राफरचा हात दोन्ही दिसतायत. आता माझं कराडात काचा बसवायचं दुकान आहे, 26 वर्षं झाली, मी काय पोलिसातला माणूस नाही, पण तो फोटो बघितला आणि बायकोला हाक मारून दाखवला, म्हटलं हे उलटं आहे बघ. भोकाभोवतीचा खपला रस्त्याच्या बाजूला उडालेला दिसतोय, आणि तसं खरंच असेल तर गोळी आतून बाहेर गेलीय.

नुसत्या फोटोवरून मी छातीठोक बोलणार नाही, उजेड तिरका पडला की खळगा फुगीर वाटतो आणि फुगीर भाग खळगा वाटतो. पण काचेचं गणित सोपं आहे. गोळी शिरते त्या बाजूला भोक लहान असतं आणि बाहेर पडते त्या बाजूला काच नरसाळ्यासारखी उडते, रुंद खळगा पडतो. पोरांच्या एअरगनच्या छर्ऱ्यानं तर कधीकधी पुढं फक्त टोचल्यासारखा ठिपका असतो आणि मागून टिकलीएवढा खपला निघालेला असतो. गिऱ्हाईक घाबरून येतं, कुणीतरी माझ्यावर गोळी झाडली म्हणतं, आणि निघतं काय तर ट्रकच्या टायरखालून उडालेली खडी.

चिरांचं पण तसंच. भोकापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या चिरा फुटतात त्या मार बसतो त्या समोरच्या बाजूनं नाही, मागच्या बाजूनं सुरू होतात, कारण दाब आला की काच वाकते आणि ताण मागं बसतो. असा तुकडा हातात घेऊन त्याची कड उजेडात धरली तर शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेघा दिसतात, आणि त्या रेघा ज्या बाजूला काटकोनात टेकतात ती मागची बाजू, म्हणजे मार तिच्या उलट बाजूनं आला. फक्त तुकडा भोकाजवळचा घ्यायचा, पहिल्या गोल चिरेच्या आतला. दोन गोळ्या असतील तर दुसऱ्या गोळीची चीर पहिलीच्या चिरेपाशी येऊन थांबते, ओलांडून पुढं जात नाही, त्यामुळं आधी कुठली आणि नंतर कुठली हे पण कळतं. आणि गोळी काचेवर बसली की बारीक चुरा उलटा गोळी मारणाऱ्याकडं पण उडतो, म्हणून संशयिताचे कपडे झटकायच्या आत जप्त करावे लागतात. टफन म्हणजे तापवून कडक केलेली काच असेल तर हे सगळं विसरा, ती साबुदाण्यासारखी खाली येते आणि भोकच शिल्लक राहत नाही. गाडीच्या पुढच्या काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, तिथं दोन्ही थर वेगळे बघावे लागतात.

आता मला हे एवढं कसं माहीत तर त्याला एक लाजिरवाणं कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी रात्री गोळीबार झाला होता, गाव आणि दुकान सांगत नाही. सकाळी मालकाचा फोन आला, पंचनामा झालाय, संध्याकाळपर्यंत नवी काच पाहिजे. मी गेलो, मोडकी काच हातोडीनं पाडली, पोत्यात भरली, 5 एमएमची नवी बसवली आणि पैसे घेऊन आलो. चार महिन्यांनी एक साधा माणूस फाईल घेऊन दुकानात आला आणि विचारायला लागला ती जुनी काच कुठं आहे. पोतं केव्हाच भंगारात गेलं होतं. तपास करणाऱ्यांकडं एकच फोटो होता, त्यात भोक नीट दिसत नव्हतं आणि गोळी आतून की बाहेरून यावर दोन्ही बाजू भांडत होत्या. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो.

त्यात अमेरिकेतल्या शिकागोची एक केस वाचली, ती आपल्या संपादकीय विभागातल्या सगळ्यांनी वाचावी असं मला वाटतं. 4 डिसेंबर 1969 ला पहाटे पावणेपाचच्या सुमाराला 14 पोलिसांनी ब्लॅक पँथर या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाच्या लोकांच्या एका फ्लॅटवर छापा घातला. फ्रेड हॅम्प्टन हा 21 वर्षांचा पुढारी आणि मार्क क्लार्क, दोघं ठार. सरकारी वकील एडवर्ड हॅनराहन म्हणाले की आतून जोरदार गोळीबार झाला, पोलिसांनी फक्त उत्तर दिलं. मग शिकागो ट्रिब्यूनमध्ये त्यांच्या ऑफिसनं दिलेले फोटो छापून आले, काळ्या ठिपक्यांना गोल केलेले, ही बघा आतून आलेल्या गोळ्यांची भोकं. दुसऱ्या पेपरचे बातमीदार प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघतात तर ती भोकं नव्हतीच, दाराच्या चौकटीतल्या खिळ्यांची डोकी होती! खिळे!

पोलिसांनी फ्लॅट सील केला नव्हता, म्हणून पँथर लोकांनी तो सगळ्यांना उघडा ठेवला आणि हजारो माणसं आत येऊन भिंती बघून गेली. एका बाजूच्या भिंतीची चाळण झालेली आणि पोलीस उभे होते तिकडं गोळीचा जवळजवळ पत्ता नाही. हर्बर्ट मॅकडोनेल नावाच्या तज्ज्ञानं पुढच्या दाराची भोकं तपासली, लाकडाचं बरं असतं, गोळी बाहेर पडते तिकडं चिरफळ्या निघतात. 1970 मध्ये फेडरल ग्रँड ज्युरीचा, म्हणजे पुरावे तपासायला बसवलेल्या नागरिकांच्या मंडळाचा, अहवाल आला, पोलिसांच्या 82 ते 99 गोळ्या आणि आतून फक्त 1. ती एक पण क्लार्कच्या शॉटगनमधली, बहुतेक तो कोसळताना सुटलेली. पोलिसांच्या लॅबनं दोन काडतुसं पँथरच्या बंदुकीची म्हणून सांगितली होती ती एफबीआयच्या तपासणीत पोलिसाच्याच बंदुकीची निघाली. शेवटी 1982 मध्ये सरकारी बाजूनं मेलेल्यांच्या घरच्यांना आणि वाचलेल्यांना 18.5 लाख डॉलर द्यायची तडजोड झाली. तेरा वर्षं.

भिंतीवर नाहीतर पत्र्यावर लांबट भोक असेल तर त्याची रुंदी भागिले लांबी केली की कोनाचा साइन मिळतो, म्हणजे 10 मिलिमीटर रुंद आणि 20 लांब असेल तर गोळी भिंतीशी 30 अंशात आली. दहावीत शिकवतात ते, माझ्या मुलीनं मला करून दाखवलं. आणि एकाच गोळीची लागोपाठ दोन भोकं सापडली तर त्यातून सळई घालून रेघ मागं कुठं जाते ते बघता येतं. पण त्यासाठी खुर्ची, कपाट, दार होतं तिथंच पाहिजे. आपल्याकडं काय होतं, पोलीस यायच्या आत निम्मी गल्ली आत जाऊन भोकात बोट घालून येते. 1 जुलै 2024 पासून नवीन फौजदारी कायद्यात सात वर्षं आणि त्याच्या वर शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या माणसानं जागेवर यायचंच आहे, राज्यांना तयारीला पाच वर्षं दिलीत, पण तो येईपर्यंत जागा कोण धरून ठेवणार? तुमचा बातमीदार त्याच्या आधी पोचतो हे तर रोजच दिसतंय.

मी आता मोडकी काच काढायच्या आधी दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी मारतो, मार्करनं एकीकडं ‘आत’ आणि दुसरीकडं ‘बाहेर’ लिहितो, दोन्हीकडून फोटो काढतो आणि पोलिसांनी लेखी दिल्याशिवाय हात लावत नाही. दोन-तीन गिऱ्हाइकं त्यामुळं दुसरीकडं गेली, जाऊ देत.

तुमच्या फोटोग्राफरनं दुकानाच्या आत जाऊन पण एखादा फोटो काढला असेल. तो तेवढा छापा, भोक कुठल्या बाजूला रुंद आहे ते मला बघायचंय. आणि मी चुकलो असेन तर तसं पण छापा.

आपला,
एक काचवाला, कराड