तेल चमच्याने मोजणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार. आम्ही सोलापुरातले आहार सल्लागार आणि फिजिओथेरपिस्ट. आमच्या सांधेदुखीच्या पेशंटांना तुमच्या भाकरी केंद्रातून डबा जातो. आम्ही कागदावर लिहून देतो ते ताटात उतरवलंत तुम्ही, म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी आभार तुमच्या पहिल्या प्रश्नाचे. डबा लावायला आलेल्याला तुम्ही विचारता, "डॉक्टरांनी काय सांगितलंय? झीज, आमवात की युरिक अ‍ॅसिड?" दुखणं सांध्यांचंच, पण तिघांचा डबा सारखा चालत नाही.

झिजेत मुद्दा वजनाचा. वजन १ किलोने उतरलं तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने हलका होतो. तुम्ही शेंगा चटणी बंद केली नाहीत, २ चमच्यांवर आणलीत. भाजीला तेल माणशी एकच छोटा चमचा. त्या ५ मिलीत साधारण ४० कॅलरी असतात, आणि आमटीवरच्या तवंगातून असे तीन-चार चमचे कधी पोटात जातात ते कळतही नाही. ज्वारीची भाकरी ठेवलीत हे तर फारच छान. भाकरी सोडून लोक टोस्ट-बिस्किटांवर येतात नि वजन जिथल्या तिथेच राहतं.

युरिक अ‍ॅसिडवाल्यांच्या डब्यातून कलेजी, गुर्दा गेला, मटण क्वचितवर आलं. पण डाळ राहिली. हे फार महत्त्वाचं. प्युरिन म्हणजे ज्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं तो घटक; पण डाळींतल्या प्युरिनने गाऊटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या सांधेदुखीचा, धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. उलट डाळी तोडल्या की शाकाहारी माणसाला प्रथिनं कमी पडतात, मांडीचे स्नायू उतरतात आणि गुडघ्याचा आधारच जातो. सोबत साय काढलेल्या दह्याचं ताक देता, तेही योग्यच. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. घामाने पाणी आटलं की रक्तातलं युरिक अ‍ॅसिड वाढतं नि सांध्यात त्याचे स्फटिक साचतात. अशा वेळी गोड कोल्ड्रिंक त्यात भरच घालतं. निरंकार उपवासानेही झटका येऊ शकतो, कारण तेव्हा किडनी युरिक अ‍ॅसिड कमी बाहेर टाकते.

आमवाताच्या डब्यातली जवसाची चटणी तुम्ही मंद आचेवर भाजून, गार करून, थोडी-थोडीच कुटता. बरोबर आहे. अख्खा जवस न पचता बाहेर पडतो आणि कुटून ठेवलेला लवकर खवट होतो. त्यातलं ओमेगा-३, म्हणजे सूज कमी करायला मदत करणारी चरबी, माशांतल्याइतकं जोरकस नाही, त्यामुळे "चटणी खा, पण गोळ्या सोडू नका" हे तुम्ही बजावता त्याचं आम्हाला विशेष समाधान वाटतं.

आणि दही-चिंच! आंबटाने सांधे धरतात या समजुतीने घरोघरी दही बंद होतं, त्याबरोबर कॅल्शियमही जातं. आमच्या दहा वेळा सांगण्याने जे झालं नाही, ते तुमच्या वाटीभर दह्याने झालं.

एक विनंती: किडनीचा त्रास असलेल्यांना डाळ, ताक आणि पाणी किती, हे त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून आल्याशिवाय डबा सुरू करू नका.

आपले ऋणी,
सोलापुरातील आहार सल्लागार व फिजिओथेरपिस्ट