क्लाऊडचं पुस्तक घेताना आधी छापल्याचं वर्ष बघा

मा. संपादक,

इंजिनिअरिंगची, बीसीएची मुलं सुट्टीत काहीतरी नवीन शिकायचं म्हणून ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, म्हणजे एडब्ल्यूएसच्या (इंटरनेटवरून कॉम्प्युटर आणि साठवणुकीची जागा भाड्याने देणारी ॲमेझॉनची क्लाऊड सेवा) मागे लागतात, चांगलंच आहे, पण कुठलं पुस्तक घेऊ हे विचारायला येतात तेव्हा बऱ्याच जणांच्या हातात आधीच कुठूनतरी सेकंडहँड घेतलेलं जाडजूड पुस्तक असतं आणि आत पहिल्या पानांवर बघावं तर २०१७ नाहीतर २०१८ साल. मी याच कामात आहे म्हणून मुलं विश्वासाने विचारतात. वर्तमानपत्रातून चार जास्त घरांपर्यंत जाईल म्हणून हे लिहितोय.

जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं तर काय बिघडलं असं पालकांना वाटतं. बारावीच्या गणितात नाही बिघडत फारसं, इथे बिघडतं. उदाहरण देतो. एस-थ्री ही फाइल साठवायची सर्व्हिस मार्च २००६ पासून आहे, आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकात पहिला प्रयोग तोच असतो, बकेट (फाइल ठेवायचा कप्पा) बनवा, त्यात एक एचटीएमएल पान टाका आणि वेबसाइट म्हणून उघडा. पण एप्रिल २०२३ पासून नवीन बकेट बाहेरच्यांसाठी मुळातच बंद असते, ती मुद्दाम उघडावी लागते आणि वर पॉलिसी, म्हणजे कोणाला काय बघता येईल याचा नियम, लिहावी लागते. जुन्या पुस्तकात हे नसतं. मुलगा पुस्तकात आहे तसंच्या तसं करतो, समोर 'ॲक्सेस डिनाइड' येतं, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. तसंच जादा सॉफ्टवेअर टाकायची 'ॲमेझॉन लिनक्स एक्स्ट्राज' वाली कमांड, ती ॲमेझॉन लिनक्स २ या एडब्ल्यूएसच्या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये होती, आताच्या ॲमेझॉन लिनक्स २०२३ मध्ये ती नाहीच. पुस्तक चुकलेलं नसतं, प्लॅटफॉर्म पुढे गेलेला असतो, पण नवशिक्याला हे कोण सांगणार?

पैशाचं तर अजून वाईट. चालू सर्व्हरला लावलेला पब्लिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरून तिथे पोहोचायचा पत्ता, फुकट असतो असं जुन्या पुस्तकांत सर्रास लिहिलेलं असतं, आणि तेव्हा ते खरंही होतं. १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही-फोर पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लागतात, म्हणजे महिनाभर तसाच राहिला तर साधारण साडेतीन डॉलर. 'बारा महिने फ्री' हेही आता जुनं झालं. १५ जुलै २०२५ पासून नवीन अकाउंट उघडणाऱ्याला सुरुवातीला १०० डॉलरचे क्रेडिट, म्हणजे वापराच्या खर्चातून वळते होणारे पैसे, मिळतात, काही ठरावीक गोष्टी करून बघितल्या तर आणखी १०० पर्यंत, आणि फ्री प्लॅन सहा महिन्यांनी किंवा क्रेडिट संपले की संपतो. फ्री प्लॅन निवडला तर बिल येत नाही, पण मुदत संपल्यावर पेड प्लॅन घेतला नाही तर अकाउंट बंद होतं, हे आधीच माहीत असलं तर मुलं आपलं काम वेळेत डाउनलोड करून ठेवतील. ज्या घरात वडिलांचं कार्ड टाकून थेट पेड प्लॅन सुरू केलाय तिथे पहिल्याच दिवशी बजेट अलर्ट (खर्च ठरलेल्या रकमेजवळ गेला की येणारी सूचना) लावा, रूट अकाउंटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मूळ अकाउंटला, एमएफए (पासवर्डच्या जोडीला दुसरी पडताळणी) लावा, आणि मगच पुढचं. अजून एक, जुन्या व्हिडिओत सगळं अमेरिकेतल्या नॉर्थ व्हर्जिनिया रीजनमध्ये (रीजन म्हणजे एका भागातली डेटा सेंटर्स) करतात, मुंबई रीजन जून २०१६ मध्ये आलं, आणि कन्सोलवर (एडब्ल्यूएस हाताळायच्या वेब पानावर) बहुतेक सर्व्हिसेस एका वेळी एकाच रीजनचं दाखवतात, त्यामुळे मुलगा नंतर मुंबईवर जातो, व्हर्जिनियातला सर्व्हर दिसत नाही म्हणून गेला असं समजतो आणि तो तिकडे चालूच राहतो.

मग पुस्तक घ्यायचंच नाही का? घ्यायचं, पण वेगळं. नेटवर्किंग, लिनक्स, एचटीटीपी, एसक्यूएल यांची चांगली पुस्तकं दहा वर्षं जुनी असली तरी चालतात, आणि खरी अडचण तिथेच असते. १०.०.०.०/२४ या सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या तुकड्यात, २५६ पत्ते असतात हे ज्याला कळतं त्याला एडब्ल्यूएस त्यातले ५ स्वतःकडे ठेवतं आणि आपल्याला २५१ मिळतात हे एका वाक्यात कळतं. ज्याला सबनेटच माहीत नाही तो व्हीपीसीचं (एडब्ल्यूएसमधल्या आपल्या खासगी नेटवर्कचं) प्रकरण पाठ करतो आणि मुलाखतीत एक आकडा बदलला की गप्प बसतो. लिनक्ससाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत, तेही फुकट, इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांनी तिथूनच सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगेन. प्लॅटफॉर्मचा भाग मात्र एडब्ल्यूएसच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनमधून आणि स्किल बिल्डर या त्यांच्याच शिकवणीच्या साइटवरच्या मोफत कोर्समधून शिका, इंग्रजी सुरुवातीला जड जातं पण रोज दोन पानं वाचली तरी सवय होते.

एडब्ल्यूएसच्या सर्टिफिकेटची परीक्षा द्यायची असेल तर पुस्तकावरचा परीक्षेचा कोड बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. क्लाऊड प्रॅक्टिशनर या पहिल्या पायरीच्या परीक्षेची सी०१ ही आवृत्ती सप्टेंबर २०२३ मध्ये बंद होऊन सी०२ आली. फी १०० डॉलर, पुढच्या असोसिएट लेव्हलला १५०, वर टॅक्स, म्हणजे मध्यमवर्गीय घराला लहान रक्कम नाही. अभ्यासक्रमाची गाइड वेबसाइटवर फुकट मिळते, ती आधी उघडा आणि पुस्तकाची अनुक्रमणिका शेजारी ठेवून बघा, किती धडे जुळतात. आणि डम्प नकोतच. खऱ्या परीक्षेतले प्रश्न म्हणून विकली जाणारी ती पीडीएफ नियमाविरुद्ध असते, सापडलं तर सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं, शिवाय त्यातली उत्तरं बऱ्याचदा चुकीची असतात. आपल्याच शहरातल्या एका क्लासच्या झेरॉक्स नोट्स मी पाहिल्या, हजारो रुपये फी घेऊन त्यात अजून सी०१चेच प्रश्न होते. मला याचा खरंच राग येतो, कारण मनमाड, निफाड, सिन्नरहून रोज बसने येणारी मुलं असतात ही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. आपल्याकडे नाशिकला १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, कॉलेजांच्या लायब्ररी आहेत, तिथे क्लाऊडची महागडी पुस्तकं दरवर्षी घेण्यापेक्षा नेटवर्किंग आणि लिनक्सच्या चांगल्या पुस्तकांच्या चार-चार प्रती ठेवाव्यात, आणि जी क्लाऊडची पुस्तकं आहेत त्यांच्या कव्हरवर छापल्याचं वर्ष ठळक चिकटवावं, खर्च फक्त कागदाचा. दुसरी विनंती तुम्हाला, करिअरच्या पानावर अशा कोर्सची माहिती देताना परीक्षेचा चालू कोड आणि डॉलरमधली फी दोन्ही छापा, म्हणजे क्लासमध्ये चौकशीला जाणारा पालक तेवढं कात्रण खिशात घेऊन जाईल आणि तुमच्या नोट्स कुठल्या कोडच्या आहेत हे काउंटरवरच विचारेल.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक