पुण्यातल्या तपकीर गल्लीतल्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

तुमच्या दुकानात रोज कितीतरी माणसं येतात, म्हणून खूण सांगते. मार्चमधल्या एका शनिवारी भर दुपारी कापडी पिशवीत जुना रिसीव्हर (स्पीकरना ताकद देऊन वाजवणारं यंत्र) घेऊन आले होते, ती मी. ‘हा दुरुस्त होईल का, की नवा घेऊ?’ असं विचारलं होतं. तुम्ही रिसीव्हर उघडलाही नाहीत. आधी विचारलंत, ‘याला स्पीकर कोणते लावलेत? आणि ऐकणारं माणूस कोण?’

त्याआधी मी तीन दुकानं फिरले होते. हा प्रश्न कुणीच केला नव्हता. बजेट किती, एवढंच सगळ्यांनी विचारलं.

ऐकणारं माणूस म्हणजे माझे बाबा. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये त्यांनी इलेक्ट्रिशियन म्हणून आयुष्य काढलं. रमणबागेत सवाई व्हायचा तेव्हा सतरंजीवर मांडी घालून ते पहाटेपर्यंत बसायचे आणि सकाळी तसेच कामावर जायचे. आता दोन्ही गुडघे गेलेत, मैफलीला जाणं बंद झालंय. ऑफिसमधला एक सहकारी परदेशी निघाला होता, त्याच्याकडून मी टॉवर स्पीकरची जोडी घेतली. छातीएवढ्या उंचीचे, एकेक वीस किलोचा. घरातला जुना रिसीव्हर त्यांना जोडला. पहिल्या दिवशी बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तिसऱ्या दिवशी तराणा द्रुतला आला, बाबांनी आवाज थोडा वाढवला आणि खट्‌ करून सगळं बंद. समोर ‘प्रोटेक्ट’ अशी अक्षरं लुकलुकत होती. पुन्हा लावलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. बाबा म्हणाले, ‘राहू दे, रेडिओ बरा आहे.’ ते वाक्य मला फार लागलं, काका.

एका मोठ्या दुकानात मला अकरा चॅनेलचा (म्हणजे अकरा स्पीकर चालवणारा), खोक्यावर १५० वॅट लिहिलेला रिसीव्हर दाखवला. ‘टॉवर आहेत ना, मग वॅट जास्तच पाहिजेत’ म्हणाले. मी आगाऊ रक्कम भरायच्या बेतात होते. तुमच्याकडे आले ती निव्वळ जुन्याचे काही पैसे येतील का ते बघायला.

तुम्ही मला घरी फोन लावायला सांगितलात. ‘वडील इलेक्ट्रिशियन ना? मग त्यांच्याशीच बोलतो.’ आणि फोन हातातून घेतलात. त्याबद्दलच हे पत्र आहे.

गेली दोन वर्षं घरातले सगळे निर्णय आम्ही बाबांना वगळून घेतो. वाईट हेतूने नाही. त्यांचा हात थरथरतो, ऐकायला थोडं कमी येतं, उगाच त्रास कशाला, म्हणून. तुम्ही त्यांना सांगितलंत, ‘स्पीकरच्या मागची पट्टी वाचा आणि वायरी काढून मीटर लावा.’ बाबांचा मल्टिमीटर सहा वर्षं कपाटात पडून होता. आईने नंतर सांगितलं, त्यांनी टॉर्च घेऊन स्वतः वाकून पट्टी वाचली: इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा; तो कमी तितका करंट जास्त) ४ ओहम, सेन्सिटिव्हिटी (ठरलेल्या व्होल्टला किती मोठा आवाज) ८७ डेसिबल. मग मीटर २०० ओहमवर ठेवून आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या. आकडा आला ०.३, तो मीटरच्या वायरींचा, म्हणजे लीडचा स्वतःचा. मग पिना स्पीकरच्या टर्मिनलला लावल्या, आत बारीक खरखर झाली आणि आकडा आला ३.६. फोनवर ते म्हणाले, ‘लीडचे वजा करून ३.३.’ (४ ओहमच्या स्पीकरला मीटरवर थोडा कमीच आकडा येतो.) तुम्ही माझ्याकडे बघून हसलात आणि म्हणालात, ‘लीडचे वजा करणारं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं.’ हे मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्या रात्री ते दोन घास जास्त जेवले.

मग तुम्ही मला समोर बसवून बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने जे मांडून दाखवलंत, तो कागद अजून माझ्याकडे आहे. माझ्यासारख्या कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून तो इथे उतरवते.

स्पीकरचे ८७ डेसिबल हे २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटरवर मोजलेले असतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये तेवढ्या व्होल्टला एक वॅट जातो, ४ ओहमच्यात दोन. म्हणजे आमचा स्पीकर कागदावर दिसतो त्यापेक्षा खादाड. बाबांची खुर्ची स्पीकरपासून दहा फुटांवर. अंतरामुळे आवाज उतरतो, दोन स्पीकर असल्याने थोडा परत मिळतो. तुम्ही धरलंत की दोन-दोन वॅटला खुर्चीपाशी साधारण ८३ डेसिबल पोचतील. पुढे वॅट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात. ४ ला ८६, ८ ला ८९, १६ ला ९२, ३२ ला ९५. बाबा ऐकतात ७५ च्या आसपास. सम गाठताना तबल्याची थाप त्याच्या वीस डेसिबल वर उसळली, तरी ३२ वॅटमध्ये भागतं. मी म्हटलं, ‘मग १५० कशाला?’ तुम्ही म्हणालात, ‘तेच तर.’

अडचण वॅटची नव्हतीच. ४ ओहमवर ३२ वॅट म्हणजे पावणेतीन अँपिअरहून थोडा जास्त करंट; तेवढ्याच व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर त्याच्या निम्माच ओढतो. आमच्या जुन्या रिसीव्हरच्या मागे ‘६ ते १६ ओहम’ असं स्पष्ट छापलेलं होतं. त्यात तो काचेच्या बंद शोकेसमध्ये कोंडलेला. बिचारा तापायचा आणि स्वतःला वाचवायला बंद व्हायचा. ‘याला काही झालेलं नाही ताई, यानं त्याचं काम नीट केलं,’ असं म्हणून तुम्ही तो परत पिशवीत घातलात. दुरुस्तीचे म्हणून तुम्ही काहीही पैसे लावू शकला असतात. मला त्यातलं काय कळणार होतं?

खोक्यावरचा आकडाही तुम्ही सोलून दाखवलात. १५० वॅटच्या खाली बारीक अक्षरात होतं: ६ ओहम, १ किलोहर्ट्‌झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाज बिघडण्याचं प्रमाण), एक चॅनेल चालू. त्याच रिसीव्हरच्या माहितीपुस्तकात आत दुसरा आकडा होता: ९० वॅट, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्‌झ, ०.०८ टक्के, दोन चॅनेल चालू. वस्तू एकच, आकडे दोन. दुसरा वाचायचा, असं तुम्ही सांगितलंत. आणि अकरा चॅनेल असले तरी त्या सगळ्यांना वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर एकच असतो. आमच्या अकरा बाय पंधराच्या हॉलमध्ये पाचच्या वर स्पीकर मावणारही नाहीत.

न्यू जर्सीहून मामेभाऊ रिसीव्हर आणायला तयार होता, तिकडे स्वस्त पडतो म्हणून. तुम्ही एका वाक्यात तो विषय संपवलात: तो १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०, म्हणजे शेजारी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घरघरत बसणार आणि बिघडला तर इथे वॉरंटी नाही.

शेवटी तुम्ही दोन रिसीव्हर माझ्या हातात देऊन वजन करायला लावलंत. एकसारखे दिसणारे, पण एक सहज उचलला, दुसऱ्याला दोन्ही हात लागले. पॉवर सप्लाय कुणात भक्कम आहे ते हाताला कळलं. (हे या जुन्या पद्धतीच्या अँप्लिफायरनाच लागू आहे, नव्या ‘क्लास डी’ प्रकारच्या हलक्या अँप्लिफायरना नाही, हेही तुम्ही तेव्हाच बजावलंत.) मग अटी लिहून दिल्यात: माहितीपुस्तकात ४ ओहमला स्पष्ट परवानगी हवी, समोरच्या स्पीकरजोडीसाठी प्री-आउट (आवाज बाहेर काढायची जोडणी) हवा म्हणजे पुढेमागे वेगळा पॉवर अँप जोडता येईल, आणि खोलीत आवाज कसा पोचतो ते मोजणारा माइक सोबत हवा. ‘कुठूनही घ्या, माझ्याकडे नवे नसतात.’ मॉडेलचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्या स्पीकरला आणि खोलीला जे जमलं ते दुसऱ्याला जमेलच असं नाही, हे तुमच्याकडूनच शिकले.

आठवड्याने रिसीव्हर आला. शोकेसची काच आणि वरची फळी काढली, चहूबाजूंनी हवा खेळती ठेवली. महागड्या वायरच्या नादी न लागता तुम्ही सांगितलेली २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर बाबांनी स्वतः सोलली. हात थरथरत होता, पण एकही तार तुटली नाही. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले. माइक बाबांच्या खुर्चीत त्यांच्या कानाच्या उंचीवर ठेवला, पंखा बंद केला आणि मोजणी सुरू केली. माइक जागा बदलत तिसऱ्या जागेवर असताना नेमकी कुकरची शिट्टी झाली आणि पहिल्यापासून करावं लागलं! मोजणीनंतर रिसीव्हरने टॉवरना ‘लार्ज’ ठरवलं, म्हणजे खालचे जड सूरही त्यांनीच वाजवायचे. तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून बाबांनी ते बदलून ‘स्मॉल’ केलं आणि क्रॉसओव्हर (खालचे सूर जिथून वेगळे काढायचे ती सीमा) ८० हर्ट्‌झवर ठेवला. खालचा जड भाग सबवूफरकडे (फक्त खालचे सूर वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरकडे) गेला, रिसीव्हरच्या अंगावरचा भार उतरला. इम्पिडन्सची सेटिंग माहितीपुस्तकाप्रमाणे ४ वर ठेवली आहे. आता दोन-दोन तास चालला तरी वरून कोमट लागतो, तेवढंच.

परवा संध्याकाळी बाबांनी तोच तराणा लावला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. खट्‌ झालं होतं ती जागा जवळ आली तसा त्यांनी रिमोट हातात घेतला आणि आवाज आणखी दोन घरं वाढवला. ती जागा पार झाली. डग्ग्याची घुमक स्पीकरमधून येतेय असं वाटतच नव्हतं, दोन्हींच्या मधल्या रिकाम्या भिंतीपाशी कुणी बसलंय असं वाटत होतं. बाबांनी डोळे मिटून मांडीवर ताल धरला होता. समेवर हात बरोबर पडला.

काका, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी पाऊण तास घालवलात आणि चहाचे पैसेही मला देऊ दिले नाहीत. तुम्ही व्हॉट्सअॅप वापरत नाही म्हणालात, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमचा मुलगा वाचून दाखवेल. तुमचे मनापासून आभार.

आणि बाबांचा निरोप: रविवारी दुकान बंद असतं, तर सकाळी पिंपळे गुरवला आमच्याकडे या. डाव्या स्पीकरचं तोंड खुर्चीकडे किती वळवावं यावर त्यांना तुमच्याशी बोलायचंय. मीटरमध्ये नवी बॅटरी घालून ठेवली आहे.

तुमची,
चार ओहमच्या स्पीकरवाली